सोबत कोण येणार?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषण. स्मरणिकेसाठी मागितलं म्हणून लिहून काढलं आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरीसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून मोबाईल पाहणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो,

सेक्रेटरीसाहेबांनी मला 'ज्येष्ठांचे आरोग्य' असा विषय दिला होता. म्हणजे गुडघे, साखर, बीपी आणि सकाळचं फिरणं. त्या विषयावर इथे प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतो, रोज कट्ट्यावर बोलतोच. म्हणून मी विषय बदलून घेतला. आज मी शौचाबद्दल बोलणार आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरबद्दल, पण तिथे पोचायचा रस्ता संडासातूनच जातो, त्याला इलाज नाही.

काही जणांनी नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड केलेलं मला दिसतंय. तर एक आठवण करून देतो. आपण पवनारात राहतो. नदीपलीकडे परमधाम आश्रम आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे विनोबा इथून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला पायी जात आणि गावाच्या कडेला लोकांनी केलेली घाण साफ करत. उन्हाळा नाही, पावसाळा नाही. ज्या गावाचा हा शेजार आहे, तिथे 'संडास' हा शब्द सभेत उच्चारायला हरकत नसावी.

आता मुद्द्यावर येतो. मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालो आणि पस्तीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. कर्ज एका दिवसात बुडत नाही. आधी एक हप्ता उशिरा येतो, मग दुसरा चुकतो, मग खातेदार रस्ता बदलून जायला लागतो. नव्वद दिवस गेले की खातं एनपीए होतं. चांगला मॅनेजर पहिल्या चुकलेल्या हप्त्यालाच खातेदाराच्या घरी जाऊन बसतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सरही बहुतेक वेळा असाच येतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक छोटा कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप वाईट नसतात. पण काहींचा कॅन्सर होतो, आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! एवढी मुदत कुठलीही बँक देत नाही. त्या काळात कोंब सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. कॅन्सर झालाय पण आतड्यापुरताच आहे, अशा वेळी सापडलं तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, असा अमेरिकेतला अनुभव आहे. शरीरात पसरल्यावर हे प्रमाण फार खाली येतं.

जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना हा रोग होतो आणि ९ लाखांच्या वर लोक त्याने जातात. आपल्याकडे मात्र लाखामागे रुग्ण कमी आहेत. विदर्भात खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर जास्त, बायकांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. सरकारी तपासणी मोहिमेतही हेच तीन घेतले आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, फुकट होते. त्यात मोठं आतडं नाही. रुग्ण कमी, दुर्बिणीने तपासणारे डॉक्टर त्याहून कमी, म्हणून नाही. हे मला समजतं, आणि सगळ्या गावाची शौचतपासणी करा अशी माझी मागणीही नाही. पण रुग्ण कमी आहेत म्हणून जे आहेत त्यांनी शेवटच्या पायरीवरच दवाखान्यात पोचायचं, हे मला मान्य नाही. आपल्याकडे लोक तसेच पोचतात. त्याचं एक कारण म्हणजे 'मूळव्याध' हा शब्द.

माझे थोरले बंधू देवळी तालुक्यात शेती करत. २००७ च्या पावसाळ्यात त्यांना परसाकडे रक्त पडायला लागलं. मी तेव्हा अकोल्याला होतो. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. "मूळव्याधच हाय, त्याचं काय सांगायचं बाप्पा," हे त्यांचं वाक्य आम्हाला नंतर कळलं. तालुक्याच्या ठिकाणी 'मूळव्याध, भगंदर, शर्तिया इलाज' अशी पाटी लावलेला एक जण होता. त्याने चूर्ण दिलं, मलम दिलं, पैसे घेतले. एकदाही तपासलं नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. मजूर मिळेनात, मुलगा पुण्याला. वहिनी म्हणाल्या, नागपूरला दाखवून या. दादा म्हणाले, "एकटा कसा जाऊ? सोबत कोण येते?" वेचणी झाली, मग तूर आली, मग हरभरा. पुढच्या दसऱ्याला मी घरी गेलो तर दादा पांढरे फटक पडलेले. कोणीतरी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं. दोन मिनिटं लागली नसतील. गाठ बोटाला लागत होती.

चौदा महिने त्या गाठीवर मलम लावलं गेलं.

ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आली. दोन वर्षं काढली त्यांनी, त्यातलं एक बरं गेलं. मी हे कोणाची सहानुभूती मिळवायला सांगत नाही. या सभेत निदान पाच जण असे असतील की ज्यांनी गेल्या वर्षभरात रक्त पाहिलं, 'मूळव्याध' म्हटलं आणि पाण्याची बादली ओतली. मूळव्याधही असेल. बहुतेकांना तीच असते. पण ते तुम्ही ठरवायचं नाही, पाटीवाल्याने तर नाहीच. शौचातून रक्त, काही आठवड्यांपासून बदललेली सवय, म्हणजे कधी बद्धकोष्ठ कधी हगवण, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत उगाच कमी झालेलं रक्त, यातलं काही असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरला म्हणा, "बोटाने तपासा." लाजू नका. त्यांना काही वाटत नाही, ते दिवसभर तेच करतात.

दादांच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासणी करायला सांगितलं. आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांना हा रोग झाला असेल तर आपण चाळिशीपासून, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हापासून तपासून घ्यायचं, असा नियम आहे. मी सत्तावन्नचा होतो. कोलोनोस्कोपी करून घेतली. तिचा सगळा त्रास आदल्या रात्री होतो. आतडं धुवायचं औषध पाण्यातून प्यायचं आणि संडासाशेजारी खुर्ची टाकून बसायचं. आमच्या सौ. म्हणाल्या, "ऑडिटच्या वेळीसुद्धा तुम्ही एवढे जागले नव्हते." सकाळी झोपेचं इंजेक्शन देतात. जाग आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक पॉलिप होता, काढला. त्यानंतर दोनदा करून घेतली, दोन्ही वेळा स्वच्छ. मी आज तुमच्यासमोर उभा राहून लांबलचक बोलतोय, त्याचं श्रेय तुम्ही कोणाला द्याल ते द्या.

ज्यांच्या घरात कोणाला नाही आणि ज्यांना काही त्रास नाही, त्यांच्यासाठी साधी तपासणी आहे. शौचाचा छोटासा नमुना एका नळीत द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते पाहतात. नव्या पद्धतीला फिट म्हणतात, तिला पथ्यही लागत नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. पन्नाशी झाल्यापासून तिला सरकारकडून दर दोन वर्षांनी पोस्टाने नळी येते. ती नमुना घेते आणि पोस्टानेच परत पाठवते. ही तपासणी दरवर्षी केली तर या रोगाचे मृत्यू एकतृतीयांशाने कमी होतात, हे अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९९३ सालीच दाखवून झालं आहे. तपासणी सदोष आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, मूळव्याधीनेही ती तशी येते. पण मग कोलोनोस्कोपी टाळायची नाही. उलट, निर्दोष आली म्हणून दहा वर्षं निश्चिंतही राहायचं नाही. आणि हे नीट ऐका: ज्यांना डोळ्यांनी रक्त दिसतंय त्यांनी नळीच्या मागे लागू नये, सरळ डॉक्टरकडे जावं.

इथपर्यंत आपलं, म्हणजे पेन्शनवाल्यांचं झालं. आपल्याला कार्ड आहे, मुलगा ऑनलाइन नंबर लावतो, गाडी दारात आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्डही मिळायला लागलं. मला बोलायचं आहे ते सकाळी सहा ते नऊ या वेळात आपल्या गेटमधून आत येणाऱ्यांबद्दल. भांडी-धुणी करणाऱ्या बाया, दोन वॉचमन, सफाईवाला, माळी, इस्त्रीवाला, आणि सध्या मागच्या प्लॉटवर बांधकामाला असलेली कुटुंबं. पंचवीस वर्षांत या सोसायटीच्या भिंती त्यांच्याच हातांनी झाडल्या, रंगवल्या. त्यांच्यापैकी किती जणांची कसली तपासणी झाली आहे? मी गेल्या महिन्यात सहज विचारलं. आमच्याकडे येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आशाताई आली होती, दादा. फारम भरून गेली. सेंटरवर ये म्हने. पन कामावरून कधी जाऊ? अन् एकटीच जाऊ काय?"

बघा, पुन्हा तोच प्रश्न. सोबत कोण येणार.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. चांगलीच योजना आहे. पण ती सुरू होते रोग सापडल्यावर. बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं, मोठ्या इमारतीत कुठल्या खिडकीवर उभं राहायचं याची भीती, यातलं काही तिच्यात बसत नाही. गरीब माणूस इथेच अडतो. अज्ञान अज्ञान म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. कर्जवाटपाच्या वेळी मी खेड्यापाड्यांत फिरलोय. व्याजाचा हिशेब त्यांना माझ्याआधी तोंडी यायचा.

हे अडलेलं गाडं पुढे सरकतं याचे दाखले आपल्याच महाराष्ट्रात आहेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे, डॉ. बी. एम. नेने यांच्या कष्टाचं. तिथे टाटा हॉस्पिटलच्या मदतीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. नोंदणी म्हणजे आकडे गोळा करणं. पण ते कार्यकर्ते गावात जाऊन बसत, लोकांना लक्षणं समजावत, शंका आली तर माणसाला दवाखान्याची वाट दाखवत. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या आहेत. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. बोलण्याने आणि जाण्यायेण्याने एवढं झालं.

मग तिथल्याच लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. गावांचे चार गट केले, तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनंतरचे आकडे २००९ मध्ये छापून आले. जिथे एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, त्या सुमारे ३४ हजार बायकांत ३४ मृत्यू. ज्यांची तपासणी केली नव्हती, त्या सुमारे ३१ हजारांत ६४. चौथ्या गटाला तपासणीशिवाय का ठेवलं, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि माझ्या मते तो विचारायलाच हवा होता. पण खेड्यातली बाई असल्या तपासणीला तयार होत नाही, असं शहरातली शहाणी माणसं म्हणत, त्यांचं तोंड या अभ्यासाने बंद केलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानेच १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हेच काम करून घेतलं. त्यांच्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तुम्ही म्हणाल, हे बायकांच्या कॅन्सरचं झालं, आतड्याचं काय? तर अमेरिकेत डेलावेअर नावाचं एक छोटं राज्य आहे. तिथे काळ्या लोकांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गोऱ्यांपेक्षा जास्त माणसं जात होती. सरकारने २००२ पासून दोन गोष्टी केल्या. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा आणि उपचाराचा खर्च उचलला. आणि प्रत्येक मोठ्या दवाखान्यात एक वाटाड्या नेमला. तो फोन करायचा, तारीख ठरवायचा, औषध कसं प्यायचं ते सांगायचा, घरी न्यायला माणूस नसेल तर त्याची सोय करायचा. २००९ पर्यंत काळ्या लोकांतलं तपासणीचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं, गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. रोगाचं प्रमाणही दोघांत जवळजवळ सारखं झालं. दुर्बीण तर आधीपासून तिथे होतीच. नव्हता तो वाटाड्या.

आणि लोक स्वतःचा वाटा द्यायला तयार नसतात, असंही समजू नका. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा काढला होता. हप्ता कशात, तर ज्वारीत. सुगीच्या वेळी, गावातच. बँकेच्या नोकरीत मी कित्येक योजना पाहिल्या, पण वसुलीची इतकी शहाणी तारीख दुसऱ्या कुठल्या योजनेत पाहिली नाही. घरात धान्य असतं तेव्हाच मागायचं, आणि जिथे आहे तिथे जाऊन मागायचं.

तर माझा प्रस्ताव असा. कार्यकारिणीच्या बैठकीत मी तो मांडला तेव्हा एका सभासदांनी विचारलं, "आपण काय दवाखाना काढलाय का?" नाही काढला, आणि काढायचाही नाही. आपल्याला फक्त सोबत जायचं आहे. या सोसायटीत माझ्यासारखे निवृत्त पंधरा-वीस तरी आहेत. वेळ आहे, गाडी आहे, फॉर्म भरायची आयुष्यभराची सवय आहे. गेटमधून येणाऱ्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला एकदा आरोग्य मंदिरात नेऊन तोंड, आणि बायकांची बाकी दोन तपासण्या, एवढं करून आणायचं. ज्यांना शौचातून रक्त जातं किंवा ज्यांच्या घरात कोणी या रोगाने गेलं आहे, त्यांना सेवाग्रामला किंवा सावंगीला न्यायचं. चिठ्ठी काढण्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत बरोबर राहायचं. रिपोर्टनंतर पुन्हा बोलावलं तर पुन्हा जायचं. हे दुसरं जाणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणसं तिथेच गळतात. बायकांबरोबर महिला मंडळातलं कोणी असावं, कारण काही गोष्टी त्या माझ्याजवळ बोलणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट पगाराची. ज्या दिवशी बाई तपासणीला जाईल त्या दिवशी तिचा खाडा धरायचा नाही. ती चार घरी काम करत असेल तर चारही घरांनी. वॉचमन आणि सफाईवाल्याचा पगार सोसायटीच्या खात्यातून. बैठकीत "एवढा पैसा कुठून आणायचा" असं विचारलं गेलं. मी घरी येऊन हिशेब मांडला. सगळ्यांचा मिळून एकेक दिवसाचा पगार रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईसाठी ठेवलेल्या रकमेच्या निम्म्यातही बसतो. दिवे दोन रात्री कमी लावा. हा मुद्दा मी येत्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडणार आहे, सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.

सेक्रेटरींच्या घरी एक वही ठेवली आहे. एका बाजूने ज्यांना जायचं आहे त्यांची नावं, दुसऱ्या बाजूने जे सोबत जाणार आहेत त्यांची. जाणाऱ्यांच्या नावापुढे आजार लिहायचा नाही, नुसतं नाव आणि सोयीचा वार. वही दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी सकाळी गाठा. मी साडेपाचला निघून धामच्या पुलापर्यंत जातो, आणि परतीच्या वाटेवर बहुधा एकटाच असतो.